आज गाडी काढत नाही

ड्रायव्हर : किल्ली घ्या, मॅडम. आज मी सातची गाडी काढत नाही.

मॅडम : असं ऐन वेळी? डेपोत जादा ड्रायव्हर नाही, बाहेर प्रवासी ताटकळलेत.

कंडक्टर : पित्त झालंय त्याला. पाच मिनिटं बसू द्या, काढेल.

ड्रायव्हर : पित्त नाही. प्यायलोय.

कंडक्टर : गप रे! स्वतःच्याच पोटावर पाय आणतोयस.

मॅडम : पावणेसात वाजताहेत सकाळचे!

ड्रायव्हर : साडेपाचला घेतली. घेतल्याशिवाय हात थरथरतात, चहाचा कपसुद्धा धरवत नाही. सकाळची सुरू होऊन सहा महिने झाले. रात्रीची चार वर्षं.

मॅडम : आणि कंडक्टर, तुम्हाला हे माहीत होतं.

कंडक्टर : अकरा वर्षं एका गाडीवर आहोत आम्ही. माझ्या आईच्या ऑपरेशनला यानं रक्त दिलंय. कुठल्या तोंडानं तक्रार करू?

मॅडम : गाडीत पन्नास माणसं असतात. त्यांना कुठलं तोंड दाखवणार होतात?

ड्रायव्हर : त्याला बोलू नका. काल बाजाराच्या थांब्यावर एक आजी उतरत होत्या. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. आरशात मला दिसल्या त्या, आणि तरी मी गाडी सोडली. हा ओरडला म्हणून ब्रेक दाबला. आजींना काही लागलं नाही. उलट मलाच म्हणाल्या, "सावकाश रे, बाळा." लागलं असतं तर मी पळूनच गेलो असतो. लागलं नाही, तोवरच सांगावं म्हटलं.

मॅडम : घरी काही झालंय का?

ड्रायव्हर : तेच तर. काही झालं असतं तर सांगायला तरी बरं पडलं असतं. बायको चांगली, पोरगी हुशार. पण स्टीअरिंगला हात लावला की छातीत धडधडायचं. वाटायचं, आत्ता कुणीतरी चाकाखाली येणार. दोन घोट घेतले की धडधड बसायची. आता घेऊनही बसत नाही. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले.

कंडक्टर : हे मला कधी बोलला नाहीस.

ड्रायव्हर : तू हसवत राहायचास, मी हसत राहायचो.

मॅडम : सरळ विचारते. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?

ड्रायव्हर : ...वाटतं कधी कधी.

मॅडम : सांगितलंत, बरं केलंत. बसा. कंडक्टर, यांच्या घरी फोन लावा. बायको आली की तिघं मिळून दवाखान्यात जा, मनाच्या डॉक्टरांकडे. यांना एकटं सोडायचं नाही.

ड्रायव्हर : मी वेडा नाही, मॅडम.

मॅडम : माझा भाऊही हेच म्हणायचा. आम्ही त्याचं ऐकलं. आज तो नाही.

ड्रायव्हर : ...आणि नोकरी?

मॅडम : डॉक्टर लिहून देईपर्यंत गाडी हातात देणार नाही. कालचं कागदावर घालावंच लागेल. पण माणूस आजारी आहे, स्वतःहून आला, हेही लिहीन.

कंडक्टर : आणि सातची गाडी?

मॅडम : रद्द. शिव्या मी खाते.

(अडीच महिन्यांनी, डेपोच्या वर्कशॉपमध्ये, दुपारच्या सुट्टीत.)

कंडक्टर : करमतं का रे इथं, टायरांच्या ढिगात?

ड्रायव्हर : टायर तुझ्यासारखे बडबडत नाहीत.

कंडक्टर : सुटली ना पण?

ड्रायव्हर : मध्ये एकदा घसरलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. वाटलं, झापतील. म्हणाले, "परत आलात ना? मग पुढचं बघू."

कंडक्टर : दवाखान्यात आठवडाभर ठेवून घेतलं होतं, ते कशाला?

ड्रायव्हर : एकदम घरच्या घरी सोडली तर फिट येऊ शकते म्हणे. आणि ती धडधड दारूच्या आधीपासूनची निघाली. तिचं औषध वेगळं चालू आहे. अजून येते मधूनच. आली की बायकोला सांगतो. ती म्हणते, "बरं, बस इथं." बसतो.

कंडक्टर : नव्या ड्रायव्हरला माझे विनोदच कळत नाहीत बघ.

ड्रायव्हर : मलाही कळायचे नाहीत.

कंडक्टर : अरे चोरा! अकरा वर्षं हसलास की!

ड्रायव्हर : परवा दाढी करताना गुणगुणत होतो म्हणे मी. मला पत्ताच नाही. बायको हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहिली. मी ओशाळून गप्प झालो.

कंडक्टर : मग?

ड्रायव्हर : म्हणाली, "थांबलास कशाला?"