फाटक्या कानाचा पांडा

चेंगदूच्या पांडा केंद्रात, काचेपुढच्या रांगेत थान सुह्वा जप पुटपुटत माळ ओढत उभी होती. पुढे डोंगरातलं एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याची नजर गेलेली.

“आपल्या शेळ्यांच्या गोठ्यात आजारी पडलेला, तो हाच का गं?”

“अहो, मला सगळे सारखेच दिसतात.”

“बरा झाला की डोंगरात सोडू म्हणाले होते ना केंद्रवाले, त्याला नेताना?”

“म्हणाले होते.”

“मग तो इथे सापडावा, की सापडू नये?”

“मला काय विचारता? यायचा हट्ट तुमचा.”

“इथे असला तर जिवंत तरी आहे. नसला तर सुटला समजायचं, की मेला?”

“वेडंवाकडं बोलू नका.”

“डावा कान बघ. आपल्या कुत्र्याने फाडला होता.”

बांबू चावता चावता पांडाने मान वळवली. डावा कान अर्धाच होता.

“धड आहे हो कान. आपला केव्हाच डोंगरात गेला.”

म्हातारा मागच्या पुटपुटण्याकडे वळला. “ताई, तुम्ही सांगा. धड आहे?”

सुह्वाची माळ थांबली. आज पौर्णिमा, खोटं न बोलण्याचं तिचं व्रत. पांडा उठून बांबूच्या ढिगाआड जाईपर्यंत ती गप्प राहिली.

“इथे तर पांडाच दिसत नाही, बाबा.”

“नाही ना? मग डोंगरातच असणार,” म्हातारा म्हणाला, आणि बायकोचा हात शोधू लागला.