रिकाम्या न गेलेल्या ताटल्या

आजच्या सभेचे अध्यक्ष सन्माननीय अण्णाराव, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका शिवकांताताई, माजी सैनिक संघाचे पदाधिकारी, शिरूर अनंतपाळची समस्त वडीलधारी मंडळी आणि पहिल्या रांगेत बसूनही ज्यांना डुलकी लागली आहे ते आमचे व्याही, सर्वांना या गुरुपादप्पाचा शरणार्थ.

आमच्या रत्नम्माचा आज पहिला स्मृतिदिन, असं निमंत्रणावर छापलं आहे. निवेदकांनी मला 'सुभेदारसाहेब' म्हणून पुकारलं आणि कानात सांगितलं, पाच मिनिटं. पंचावन्न वर्षांच्या संसाराला पाच मिनिटं! असो. बायकोनं दोनच दिली असती.

मघाशी एका वक्त्यांनी तिला 'शूर सैनिकाची सोशिक पत्नी' म्हटलं. शूर कोण ते राहू द्या, पण सोशिक? रत्नम्मा? अहो, माझ्याकडं पठाणकोटला येताना तिनं रेल्वेच्या डब्यात दगडी जातं चढवलं होतं. का, तर तिकडं गव्हाची रोटी मिळते आणि हिला ज्वारीची भाकरी पाहिजे. टीसीनं तकरार केली, तर त्याच्याच हातानं जातं उतरवून घेतलं. तिथंच शेजारच्या सरदारणीकडून ती सायकल शिकली. पासष्टच्या लढाईत क्वार्टरं रिकामी करायचा हुकूम आला, तेव्हा सगळ्या बायकापोरांना ट्रकात चढवून ही शेवटी चढली. आणि लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा पाण्याच्या टँकरसाठी कलेक्टर कचेरीच्या फरशीवर बायका घेऊन कोण बसलं होतं, ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांनी तिच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

पण मला सांगायची आहे ती बहात्तरच्या दुष्काळातली हकीकत. मी तेव्हा इथं नव्हतो, पाकिस्तानच्या कैदेत होतो. ज्यांनी मला हे सांगितलं त्या आमच्या शेजारीण कमलम्मा समोरच बसल्या आहेत. चुकलं तर टोकतीलच.

एकाहत्तरच्या लढाईत मी जखमी होऊन पकडला गेलो. घरी कळलं ते एवढंच, की बेपत्ता. कैद्यांमध्ये कुठंच माझं नाव निघेना. त्यात पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी, आणि रत्नम्मा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडू लागली. दिवाळीच्या तोंडावर आमच्या पलटणीतला एक गडी रजेवर आला आणि माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, सांगून गेला, की गुरुपादप्पाला पडताना मी या डोळ्यांनी पाहिलं. बिचारा खोटं बोलला नव्हता. पडलो तर होतोच मी.

अव्वानं हंबरडा फोडला. रत्नम्माचं म्हणणं एकच, पडला म्हणजे मेला न्हाई. पण गल्लीनं मला मेलेला धरून टाकलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकरी घेऊन येतो, ही आपली रीत. लोकांचं स्वतःचंच भागत नव्हतं हो! तरी एकेका घरानं पोरांच्या तोंडचा घास काढून ताटलीत घातला. ती भाकरी परत करायची म्हणजे माणुसकीला लाथ मारायची. ठेवून घ्यायची, तर नवरा गेला हे कबूल करायचं. तुम्ही काय केलं असतं? मला तरी काही सुचलं नसतं.

तिनं भाकरी घेतल्या, डालीत झाकून ठेवल्या. इकडं अव्वा म्हणत होती, आता बांगड्या उतरव बाई, लोक नावं ठेवतील. आता शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत देत नाही, चिमूटभर का होईना काही घालतोच. फक्त मयताच्या घरून भांडं रिकामं जातं, तिथलं कुणी काही घेत नाही. रत्नम्मानं ताटल्या राखेनं पुसल्या, घरात होतं नव्हतं ते चिंचेचं गाडगं काढलं, प्रत्येक ताटलीत चिंच घातली आणि ज्याची त्याची ताटली हातात देत गेली.

ताटल्या न्यायला आलेल्या बायका उंबऱ्यातच थबकल्या. अव्वा म्हणाली, अगं, काय करायलीस हे?

"अव्वा, या घरात कुणी मेलं न्हाई," रत्नम्मा म्हणाली. "भांडी रिकामी जायची न्हाईत."

कमलम्मानं तिच्याकडं बघितलं, ताटलीकडं बघितलं, आणि चिंचेचा तुकडा उचलून तिथंच तोंडात टाकला. मग बाकीच्यांनीही ताटल्या पदराखाली घेतल्या. बांगड्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. कमलम्मा, तुमचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

डिसेंबरात कैद्यांची अदलाबदल झाली आणि मी सुटलो. घरी निरोप पोचायच्या आधी मीच पोचलो. तलावाचं काम रस्त्याकडेला होतं, एसटीतून बायका दिसल्या, तिथंच उतरलो. अंगावर मांस नाही, दाढी वाढलेली. मुकादम म्हणाला, कामाला आलास का? तेवढ्यात रत्नम्मानं मान वर केली. मला वाटलं, धावत येईल, निदान हसेल. तिनं हातोडा खाली ठेवला, भुईवर बसली आणि गळा काढून रडायला लागली. मी म्हणालो, अगं, मी जिता आहे, समोर उभा आहे, आता कशाला रडतीस?

ती म्हणाली, "वर्षभर रडायची सोय नव्हती. मी रडले असते तर लोकांनी तुम्हाला मेलेला धरला असता. आता आलात न्हवं? आता मला पोटभर रडू द्या."

मंडळी, आपण एवढ्या उन्हात आलात, अध्यक्षांनी घड्याळाकडं काणाडोळा केला, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर पोटात घाला.

आणि आता मला रडू फुटतंय, त्याचीही माफी असावी. हे वर्षभर मी रडलो नव्हतो. पोरं म्हणाली, दादा, मन मोकळं करा. कसं करणार? आज तुम्हा सगळ्यांसमोर कबूल करतो. आमची रत्नम्मा गेली हो.