सायकलीचा पलंग

आमच्या बालाजीचं ऐका. पठ्ठ्यानं महागाची रेसची सायकल घेतली, अन् ती न्यायला आत पलंग असलेली कॅम्परव्हॅन. लातूरहून इस्लापूरला, धबधब्याकडं सायकल चालवायला निघालो. सायकल पलंगावर आडवी, खाली फोम, वर गोधडी, चारी बाजूंनी पट्टे. मी खाली पाण्याच्या कॅनवर.

"पलंगाच्या कडंला टेकू का जरा?" मी विचारलं.

"न्हाई. गिअरला धक्का लागतो."

रेणापुरात त्याच्या मामाकडं नुसतं चहाला थांबलो. निघताना मामानं वानोळा बाहेर काढला: तूरडाळीचं पोतं, दोन लई मोठे भोपळे. वर मामीबी पिशवी घेऊन तयार, तिची लेक इस्लापुरातच दिलेली.

मामाच्या वानोळ्याला नको म्हणायची आमच्याकडं कुणाची छाती न्हाई. बालाजी चाचरत म्हणला, "मामा, आत जागा..."

"हाय की," म्हणत मामानं पट्टे सोडले अन् सायकल अंगणात काढून ठेवली. पलंगावर मामी बसली, भोपळ्यांखाली फोम गेला, पोत्याला पट्टे आवळले.

"अन् सायकल?" बालाजीचा आवाज रडवेला झालता.

मामा म्हणले, "चालवायलाच घेतलीस ना? मग ये की मागून."