डायरीतली कादंबरी

"शाळा सांभाळून कादंबरी कवा लिहिली?" सगळेच विचारतेत. अगा, शाळेतच लिहिली, मधल्या सुट्टीत, टीचर डायरीत! आमच्या कटंगीच्या शाळेत हेडमास्तर दर शनिवारी डायरी मागाचे. पन सर न वाचताच पानापानावर सही कराचे. माही हिरोईन घरून पळाली, तिच्याखालीबी सरांची सही!

पुस्तक छापून आलं तं सर रुसले. "म्याडम, छापाच्या आधी मले काहून नाही दाखवलं?"

मी डायऱ्याच समोर ठेवल्या. "सर, सगळं तुमच्याच सहीनं पास झालं हाय."

सर पानं पाहून पोट धरून हसले. मंग पेन काढला, नव्या पुस्तकावर लिहिलं, "कार्य संतोषजनक," अन् खाली सही केली.

तेबी न वाचताच!