भोंगा बंद आहे

स्नेहल : भाऊजी, हे ते ग्राफिक्स कार्ड नाही.

भरत : त्याच्याहून भारी हाय. मंचरचा दुकानदार म्हनला, तुमच्या वैनींनी सांगितलेलं मॉडेल जुनं झालं, हे यंदाच निघालंय.

स्नेहल : यंदाच निघालंय हीच तर अडचण आहे. आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. त्याला हे कार्ड अजून ओळखूच येत नाही. मी सांगितलेल्या कार्डाचं ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सच्या आतच असतं; कार्ड बसवलं की चालू.

भरत : मंग ह्याचं ड्रायव्हर टाका की.

स्नेहल : कुठून? नेटवरून उतरवायचं तर इथं रेंजची एक काडी. निम्म्यात तुटतं.

भरत : मंग ते लिनक्सच काढा ना, राव! समदं जग विंडोज वापरतंय, आपल्यालाच कशाला उलटी चाल?

स्नेहल : बिबट्या ओळखणारा प्रोग्राम लिनक्सवर बसवलाय मी. शेतातल्या चारही कॅमेऱ्यांची चित्रं दाखवून दाखवून शिकवलाय त्याला. आधी आधी कुत्रं दिसलं तरी भोंगा वाजवायचा. ते सगळं आजच्या आज परत कसं उभं करू?

भरत : लावून तरी बघा. बघायला काय जातंय?

स्नेहल : लावते. ही बॅटरी धरा. उजेड जरा इकडं... हां, बसलं. करा चालू.

भरत : फिरला! पंखा फिरतोय, वैनी.

स्नेहल : पंखा फिरेल. स्क्रीन बघा.

भरत : काळी हाय. थांबा, येईल.

स्नेहल : नाही येणार.

कुशाबाई : अगं स्नेहल, काय करताय दोघं आत? भोंगा चालू हाय ना? तोडणीवाली ठमाबाई इचारतीय.

भरत : व्हईल आता, आई. झाल्यातच जमा हाय.

स्नेहल : आत्या, भोंगा बंद आहे. सकाळी लाईट एकदम जोरात आली ना, तेव्हाच जुनं कार्ड जळलं. त्याच्याशिवाय बिबट्या ओळखणारा प्रोग्राम चालत नाही.

कुशाबाई : सकाळपासनं? अन् बाया भोंग्याच्या भरवशावर उसात शिरल्यात! लंकाबाईनं बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलीय. पोर निजलंय त्यात!

स्नेहल : भाऊजी, ‘मी सांगतो त्यांना’ म्हणाला होतात ना?

भरत : सांगितलं असतं तर एक तरी बाई फडात राहिली असती का? ट्रॅक्टर उभा हाय. आज भरला न्हाई तर तोडलेला ऊस वाळतोय बांधावर. मला वाटलं, कार्ड आनलं की झालं काम.

स्नेहल : परवा त्याच बांधावरून कुत्रं उचललंय बिबट्यानं.

भरत : ते अंधारात. दिवसाढवळ्या न्हाई येत तो.

स्नेहल : ऊस तुटत चाललाय, त्याची लपायची जागा चाललीय. आता दिवस-रात्र बघेल का तो?

कुशाबाई : बोलत काय बसलाय! ए ठमाबाई! ठमाबाई गं!

भरत : आई, थांब! जरा दमानं घे!

कुशाबाई : लंकाबाई, आधी पोर उचल! कोयते ऱ्हाऊ द्या तिथंच, समद्या बाहेर या! भोंगा बंद हाय!

भरत : झालं. गेला आजचा दिवस.

स्नेहल : माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागवा. आधी मंचरला जा. मी सांगितलेलंच कार्ड आणा, वापरलेलं असलं तरी चालेल. आणि दुकानदाराला एवढंच सांगा, लिनक्सला लावायचंय.

(तासाभरानं, तीच खोली. दुसरं कार्ड बसवून झालं आहे.)

भरत : आलं! चित्र आलं, वैनी! अन् तुमी तर काईच टाकलं न्हाई.

स्नेहल : टाकायला लागत नाही, तेच सांगत होते. थांबा. मधल्या वेळचं सगळं कॅमेऱ्यांनी साठवून ठेवलंय, आधी ते बघतोय प्रोग्राम.

भरत : हा बांधाचा कॅमेरा ना? आई पळतीय बघा. लंकाबाईनं पोर घेतलं... गेल्या समद्या.

स्नेहल : पुढं बघा.

भरत : कोनीच न्हाई. नुसती बाभळ.

स्नेहल : अजून पुढं.

भरत : बाभळीखालीच हाय.

स्नेहल : मादी आहे. झोळीचा वास घेतीय.

कुशाबाई : काय दिसतंय? मला बी दाखवा की.

भरत : तू बस आधी, आई. खाली बस.

स्नेहल : मी वनखात्याला फोन लावते. आणि तुमचा वाजतोय बघा, ट्रॅक्टरवाला असेल.

भरत : हां, बोला... न्हाई, आज भरनी व्हनार न्हाई. घेऊन जा ट्रॅक्टर... न्हाई, न्हाई राव, कोनाला काई झालं न्हाई... हां. कोनालाच काई झालं न्हाई.