मागच्या सीटचे स्पीकर

मी, ज्याला सगळे फ्यूजदादा म्हणतात तो, वय ४७, धंदा गाड्यांना स्पीकर व अँप बसवणे, राहणार दुकानाच्या माळ्यावर, पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन सांगतो की,

माझी धाकटी बहीण महिन्याभरापासून बेपत्ता आहे. तिची गाडी धरणाच्या काठी कुलूपबंद सापडली व पंचनाम्यानंतर दाजींना परत मिळाली. तपास कुठवर आला हे याच ठाण्यात विचारून माझ्या चपला झिजल्या, ते असो.

आज सकाळी दाजी ती गाडी घेऊन दुकानी आले. म्हणाले, "मागे आणखी दोन स्पीकर लावा. नीट ऐकू येत नाही." मी म्हणालो, "अहो दाजी, गाणी ऐकायचे दिवस आहेत का हे?" त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला राग आला. तरी काम घेतले, दुसऱ्याने वाट लावली असती.

स्पीकर वाढवले आणि कसेही जोडले तर अँपवर, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्यावर, भार येऊन तो तापतो, प्रसंगी पेटतो. म्हणून प्रत्येक बाजूचा नवा स्पीकर मी त्याच बाजूच्या जुन्याच्या पाठोपाठ, एकाच साखळीत जोडला. बॅटरीजवळ फ्यूज टाकला. पत्र्याच्या भोकात तारेला रबर घातले. माझ्या हातची गाडी आजवर पेटलेली नाही, कोणालाही विचारा.

अँप पुढच्या सीटखाली आहे. तिथे बसून मी डाव्या साखळीची तार अँपमधून काढून हातात धरली होती, म्हणजे डावे स्पीकर कशालाच जोडलेले नव्हते. टेप बंद होता. तेव्हा मागून डावीकडच्या स्पीकरमधून बहीण म्हणाली, "दादा, आता येतंय का ऐकू?"

मी म्हणालो, "येतंय गं. आहेस कुठे तू?"

"अरे, मागेच बसलेय की. वळून बघ ना."

आरशावर दाजींनी रुमाल बांधलेला मला तेव्हा दिसला. ते शेजारी बसून रडत होते. म्हणाले, "माझ्याच्याने वळवत नाही हो. तुम्ही बघा."

मलाही धीर झाला नाही. मी भित्रा आहे असे खुशाल लिहा. मान न वळवता गाडी इथवर आणली. वाटेत ती "हळू चालव रे" म्हणाली. दाजी अजून गाडीतच आहेत, उतरत नाहीत.

लिहिलेले सगळे मला वाचून दाखवले, मी बोललो तेच त्यात आहे. माझे मागणे एवढेच की साहेबांनी मागचे दार उघडून पाहावे व काय दिसले ते मला सांगावे. सीट रिकामी असली तर खोटे सांगावे.