पोचपावतीवरची सही

— अहो थांबा, थांबा, त्या कपाटाला हात नका लावू. विचारा ना मला! बत्तीस वर्षं या शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे मी, कुठलं रजिस्टर कुठे ते झोपेतसुद्धा सांगेन. शंभर वर्षांचा इतिहास लिहायला आलात ना? मग घ्या लिहून — तीन सिस्टर आल्या, एका पडक्या गोदामात सात मुली घेऊन बसल्या, पहिल्या वर्षी खडूसुद्धा तुकडे करून वापरला. छान आहे की नाही? पण तुमचं आपलं आल्यापासून एकच — प्रयोगशाळा कुठल्या साली झाली, कुणाच्या काळात झाली. का हो? चॅपल झालं, वरचा मजला झाला, मैदानाची भिंत झाली, त्याचं नाही काही विचारलंत. प्रयोगशाळाच बरी आठवली!

कुणी पाठवलं तुम्हाला? प्रकाशकाने? असेल बाई, असेल. पण मी माणसं ओळखते. काळे बंद बूट, गळ्यात काही नाही, कानात काही नाही, आणि हे असं पाठ न टेकता बसणं — ही सवय मठातलीच. झगा काढून ठेवला म्हणून काय झालं? मदर हाऊसकडून, त्या मुख्य मठातून आलात ना? नाही? — 'नाही म्हणा' असंच सांगून पाठवलं असेल. म्हणा. मला काय त्याचं, कर नाही त्याला डर कशाला.

प्रयोगशाळा मोठ्या सिस्टरांनी बांधली. मोठ्या म्हणजे आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका, उंचीला माझ्या खांद्याला लागायच्या, पण सगळी शाळा त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणायची. सहा वर्षं होत्या. सहाच. तुमच्यात ते तसंच असतं ना — म्हणजे त्यांच्यात हो, तुमच्यात नाही, बरं — सहा वर्षं झाली की मदर हाऊसचं पत्र येतं, अमुक ठिकाणी जा. का म्हणून विचारायचं नाही. एक ट्रंक भरायची आणि निघायचं. आज्ञापालनाचं व्रत असतं त्यांचं, मोडलं तर संपलंच सगळं. मला तेव्हा ते एवढं काही... मी आपली नोकरदार बाई, मला काय ठाऊक त्यांची व्रतं?

तुम्ही काय वाचताय? फाइलीत काय आहे ते? दाखवा. दाखवा म्हणते ना! मठाची रोजनिशी ही, अक्षर ओळखते मी — 'दोन पत्रे मिळूनही स्थलांतर केले नाही. आज्ञाभंगाबद्दल पदावरून दूर.' असं लिहिलंय? एवढंच? अठरा वर्षं हे असंच लिहून ठेवलंय? अहो, ही कुठली बाई लिहिलीय? मोठ्या सिस्टरांनी जन्मात कधी कुणाचा शब्द मोडला नाही हो! ताप अंगात असला तरी पाचच्या प्रार्थनेला हजर. आज्ञाभंग म्हणे! मिळाली असती पत्रं तर...

काही नाही. मी काही म्हटलं नाही. चहा घ्या, गार होतोय.

नका असं बघू माझ्याकडे. तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून आलात. ती पोचपावती असेल तुमच्याकडे, रजिस्टर पत्राची असते ती, ज्याने पत्र घेतलं त्याची सही असते तिच्यावर. आहे ना? माझी सही. झालं आता समाधान? टपाल मीच घ्यायची, मीच फोडायची, ते कामच माझं. पहिलं पत्र एप्रिलमध्ये आलं. वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. उद्या देऊ म्हटलं. खरंच उद्या देणार होते हो. माझी मुलगी तेव्हा नववीतून दहावीत जात होती. बोलताना अडखळायची — स्वतःचं नाव सांगायचं तरी घाम फुटायचा पोरीला, वर्गात हसायच्या मुली. मोठ्या सिस्टर रोज शाळा सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत बसवून अर्धा तास मोठ्याने वाचून घ्यायच्या. दीड वर्ष, एक दिवस चुकला नाही. कधी घाई नाही, कधी 'पुढे' म्हणणं नाही. पोर फुलायला लागली होती, आणि हे पत्र! म्हटलं, दहावी होऊ दे, एक वर्ष, मग जा म्हणावं कुठे जायचं तिकडे. मे महिन्यात दुसरं आलं. तेही त्याच ड्रॉवरमध्ये. फोन? फोन माझ्याच टेबलावर होता. 'सिस्टर वर्गावर आहेत' — सुट्टीत कसले वर्ग, पण म्हटलं तसं.

वर्ष कसलं, दोन महिने मिळाले. जूनमध्ये शाळा उघडली आणि नव्या मुख्याध्यापिका ट्रंक घेऊन दारात! सोबत मदर हाऊसच्या दोन म्हाताऱ्या सिस्टर. मोठ्या सिस्टरांना वाटलं पाहुण्या आल्या, हसत पुढे झाल्या, चहा सांगितला मला. मग त्या म्हाताऱ्यांनी टेबलावर दोन पोचपावत्या ठेवल्या. दार उघडं होतं, मी इथे, या खुर्चीत. मोठ्या सिस्टरांनी सही बघितली. मग मान वर करून मला बघितलं — रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. आणि म्हणाल्या, 'चूक माझी झाली.' बस्स. दुपारी गेल्या. पुन्हा कुठल्या वर्गावर त्यांना उभं केलं नाही म्हणे, आजारी सिस्टरांच्या घरी भाजी चिरायला बसवलं. आणि मी जागची उठले नाही. तोंडाला कुलूप. नोकरी जाईल म्हणून, आणि मुलीला कळेल म्हणून. ती आठवडाभर अक्षर बोलली नाही. मग एक दिवस एकटीच प्रयोगशाळेत जाऊन रिकाम्या बाकांपुढे वाचायला लागली. आता इथेच नववीला शिकवते, खणखणीत आवाज आहे. पण अजून म्हणते, 'आई, सिस्टर मला न सांगता गेल्या, एवढी का मी परकी होते?' आणि मी म्हणते, असतात गं अशी माणसं. असं म्हणते मी!

लिहा आता. पेन का बंद केलंत? लिहा, माझं नाव घालून लिहा. त्यांची चूक नव्हती. वाचू दे पोरीला. काय? — फक्त साल हवं होतं? मग ती रोजनिशी? — सालं जुळवायला आणलीत? आणि मुख्याध्यापिकांची यादी वरून मंजूर होऊन आलीय, तिच्यात त्यांचं नावच नाही? मग सहा वर्षं शाळा काय आपोआप चालली? प्रयोगशाळा काय जमिनीतून उगवली? 'जुनं कशाला उकरायचं' — अहो, माणूस जिवंत आहे अजून! जिवंत आहेत ना? — आहेत ना? — हं. मग जुनं कसं?

राहू द्या. तुमचं पुस्तक तुम्हाला लखलाभ. हा तास संपला की पोर चहाला येते इथे. उठा तुम्ही. खुर्ची मोकळी करा, हे ऐकताना तिला लागेल बसायला.